वाद्यांची सोंगे



सोंग हा शब्द आपल्या झाडीपट्टीत हलका समजला जात नाही. दंडारीत राक्षसाचे सोंग घेऊन येणारा गडी हा शेजारच्या बांधावरचा शेतकरी आहे, दुपारी तो आपल्याबरोबर धानाचे भारे वाहत होता, हे समोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. आणि तरीही तो आरोळी ठोकीत पुढे आला की पोरे आईच्या पदराआड दडतात. सोंग वठले की नाही, एवढेच लोक पाहतात. ते खरे की खोटे, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र माणसांच्या सोंगांविषयी नव्हे, वाद्यांच्या सोंगांविषयी.

१९६४ ते १९८५ या वीसेक वर्षांत अमेरिकेत आणि जपानात सिंथेसायझर नावाची, म्हणजे विजेच्या प्रवाहातून स्वर घडविणारी, वाद्ये निर्माण झाली. त्यांतील नामांकित वाद्ये आज संगणकाच्या पडद्यावर सॉफ्टवेअरच्या रूपाने विकत मिळतात. पडद्यावर त्याच गोल खुंट्या, त्याच पट्ट्या, कडेची लाकडी चौकटसुद्धा तीच. फक्त लाकूड चित्रातले. हा व्यवहार काय आहे, त्यात आपण नेमके काय विकत घेतो, आणि त्याची चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने पंचाईत का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वडशात आहे.

वैनगंगेच्या काठचे, गोंदिया-चांदा रेल्वेमार्गावरचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. धान निघाले, दिवाळी-भाऊबीज उरकली, की गावोगाव मंडया भरू लागतात, कोठे शंकरपट लागतो, आणि त्या निमित्ताने गावातले मंडळ वडशाच्या कंपनीकडे जाऊन नाटक ठरवून येते. मोकळ्या शेतात मंडप पडतो, लोक भुईवर बसतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालते. होळीपर्यंत हा हंगाम. ज्यांच्या विनोदी भूमिकांनी दोन-तीन पिढ्या हसविल्या त्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीची नव्याने ओळख झाली. इकडच्या लोकांना ती करून घ्यावी लागली नाही.

या रंगभूमीचे एक वैशिष्ट्य आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. येथे नाटकात अजून गाणे असते, आणि ते पुष्कळदा समोर बसलेल्या वादकांच्या साथीने होते. शहरातील मराठी नाटकाने संगीत ध्वनिफितीवर नेऊन ठेवले त्याला पुष्कळ वर्षे झाली. झाडीपट्टीत मात्र रंगमंचाच्या पुढ्यात तबला, ऑक्टोपॅड आणि ऑर्गन घेऊन माणसे बसतात. आणि हा जो ऑर्गन म्हणून म्हणतात, तो काय असतो? पायाने भाता मारावयाचा, लाकडी, बालगंधर्वांच्या काळचा ऑर्गन नव्हे. ती असते विजेवर चालणारी जपानी कळपट्टी. वाद्य केव्हाच बदलले, नाव मागे राहिले. सोंग घेणाऱ्याने मुखवट्याबरोबर नावही घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

त्या जुन्या ऑर्गनची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. फ्रान्समध्ये अलेक्झांद्र देबैं याने १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केली. पितळी पात वाऱ्याने थरथरते आणि सूर निघतो, एवढेच तिचे तत्त्व. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये वाद्यांची पेढी काढली आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हाताने भाता हलवावयाची पेटी प्रचारात आणली. पायभात्याचा ऑर्गन मराठी नाटक कंपन्यांनी उचलला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्ये रंगभूमीवर आले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या दिवसांत ऑर्गनच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला होता. आता या पायऑर्गनच्या कळपट्टीवर ओळीने जी खुंटाळी असते तिच्यावरची नावे कधी वाचून पाहावी. एकीवर बासरी, एकीवर व्हायोला, आणि एकीवर लॅटिनमध्ये ‘व्हॉक्स ह्यूमाना’, म्हणजे मानवी कंठ. ती खुंटी ओढली की आत एक लहानसा पंखा फिरू लागतो आणि सुराला कंप येतो. त्या कंपालाच कारागिराने माणसाचा गळा म्हटले. जे वाद्य आम्ही आज अस्सल म्हणून संग्रहालयात ठेवतो, ते जन्मतःच दुसऱ्याचे सोंग घेऊन आले होते.

त्या सोंगावर केवढे रण माजले, तेही स्मरणीय आहे. पेटीचे बारा सूर ठरलेले. मींड तिच्यात नाही, श्रुती नाहीत, गवयाला ती चुकीच्या स्वराशी बांधून ठेवते, असा आक्षेप होता, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. रवींद्रनाथांनी या निर्णयाला पाठिंबा दिला. बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. एकतीस वर्षे! त्या काळात पेटी मेली काय? गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने तिला स्वतंत्र वाद्याची पायरी आधीच मिळवून दिली होती. कीर्तनात, भजनात, तमाशाच्या फडात, झाडीपट्टीच्या मंडयांत ती खुशाल वाजत राहिली. नभोवाणीच्या साहेबांनी पेटीला काय म्हणावे याची चौकशी सिंदेवाहीच्या भजनी मंडळाने कधी केली नाही.

येथून आम्ही विजेकडे वळतो. १९४७ मध्ये कॉन्स्तां मार्तां या फ्रेंच तंत्रज्ञाने क्लाव्हियोलिन नावाचे एक लहानसे वाद्य केले. निर्वात नळ्यांवर चालणारे, एका वेळी एकच सूर देणारे. ते मुंबईस आले, आणि १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीत दिग्दर्शनाखाली कल्याणजींनी त्यावर गारुड्याची पुंगी वाजविली. ती धून कोणाला ठाऊक नाही? लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने ती सुरू केली की तोंडात रुमाल धरून भुईवर लोळणारा एक तरी पाहुणा निघतोच. परंतु खरी मौज पुढेच आहे. यानंतर गावोगावचे गारुडी आपल्या भोपळ्याच्या खऱ्या पुंगीवर ही चित्रपटातली धून वाजवू लागले. म्हणजे यंत्राने पुंगीचे सोंग घेतले, आणि पुंगी यंत्राची नक्कल करू लागली. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे ठरविणाऱ्या पंडिताने या ठिकाणी क्षणभर थांबून घाम पुसावा.

क्लाव्हियोलिन हे थोडक्या आवाजांचे वाद्य होते. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये जे केले ते निराळे होते. त्याने आवाज घडविण्याचे काम वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून दिले, आणि एका कप्प्याने दुसऱ्यावर विजेच्या दाबाने हुकूम चालवावा अशी रचना केली. दाब एक व्होल्टने वाढला की सूर एका सप्तकाने चढे. तत्त्व समजावयास आपला गळाच पुरे. स्वरतंतू नुसता भरड, सर्व प्रकारच्या कंपनांनी भरलेला आवाज काढतात. तोंडाची पोकळी त्यातला काही भाग गाळून टाकते आणि ‘अ’चा ‘ऊ’ होतो. श्वासाचा जोर आवाजाला उठाव आणि शेवट देतो. मूगच्या यंत्रात भरड आवाज काढणारे आंदोलक आहेत, गाळणी आहे, आणि उठाव-शेवट ठरविणारे मंडल आहे. यांतली गाळणी हा त्याचा खरा प्रताप. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेल्या. १९६९ मध्ये तिचे पेटंट त्याला मिळाले. १९७० साली हे सगळे एका पेटीत बसवून ‘मिनीमूग’ विक्रीस आला. किंमत जवळजवळ दीड हजार डॉलर. १९८१ पर्यंत त्याचे बारा हजारांच्या आसपास नग निघाले.

हे वाद्य हिंदुस्थानात कधी आले? पुष्कळांचा समज असा की ते चित्रपटांबरोबर आले. वस्तुतः १९६९ मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत मूगचे मोठे यंत्र डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने उभे करून दिले होते. या उद्योगामागे गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज याला भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच या बाई. तेथे चार-दोन भारतीय संगीतकारांनी १९७२ पर्यंत प्रयोग केले. नंतर त्या फिती कपाटात गेल्या आणि अर्ध्या शतकानंतर, २०२३ साली, ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने जगापुढे आल्या. चित्रपटसृष्टीत मिनीमूग आणण्याचे श्रेय केरसी लॉर्ड या मुंबईच्या पारशी वादकास दिले जाते. ते सत्तरीच्या दशकातले. त्यानंतर चरणजितसिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या या गृहस्थाने रोलंड कंपनीची तीन जपानी यंत्रे जवळ केली आणि १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी केली: खाली यंत्राचा ठेका, वर भैरव, ललित, मेघमल्हार. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले लोक चकित झाले. कारण शिकागोच्या नाचघरांत १९८७ नंतर ज्या आवाजाने धुमाकूळ घातला, तो त्याच टीबी-३०३ यंत्राचा आवाज मुंबईत पाच वर्षे आधी भैरव गात होता. हे यंत्र मुळात गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले. ते सोंग त्याला अजिबात साधले नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केले. फसलेल्या सोंगातून नवीनच पात्र जन्मले.

झाडीपट्टीत यांतले काहीच आले नाही. मिनीमूगच्या किमतीत त्या काळी शेतीचा तुकडा आला असता, आणि १९९१ पूर्वीच्या जकातीत परदेशी वाद्य आणणे म्हणजे कोणी आखातातून किंवा सिंगापुरातून येणारा आप्त गाठणे. इकडे आली ती स्वस्त कळपट्टी. कॅसिओने १९८० मध्ये आपले पहिले घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्य बाजारात आणले, आणि महाराष्ट्रभर ‘कॅसिओ’ हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचे नाव झाले, जसे वनस्पती तुपाला ‘डालडा’. पुढे जपानी कारखानदारांनी खास भारतीय गिऱ्हाइकासाठी तबला, तानपुरा, शहनाई अशा आवाजांच्या कळपट्ट्या केल्या. ऑर्गनवाल्याला त्यात काय मिळाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. मृत्युदृश्यात सारंगी, लावणीत क्लॅरिनेट, खलनायक आला की पितळी वाद्यांचा गडगडाट, आणि भूत आले की ती सूं-सूं करणारी लांबट शीळ, जी मूळची मिनीमूगच्या घराण्यातली आहे. एक माणूस, एक पाट, आणि रात्रभर पन्नास सोंगे. क्लॅरिनेटवाल्याची खुर्ची रिकामी झाली, हे तेथेच झाले. त्यासाठी सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागली नाही. तेव्हा आज जे म्हणतात की संगणक वादकाच्या पोटावर पाय देणार, त्यांनी तो पाय केव्हा पडला याची तारीख तपासून पाहावी.

आता मुख्य मुद्द्याकडे. सॉफ्टवेअरमध्ये जुने वाद्य कसे शिरते? मूळ यंत्रात विजेचा प्रवाह अखंड वाहतो. संगणकाला अखंड काही कळत नाही. त्याला आकडे कळतात. म्हणून तो सेकंदाला ४४,१०० वेळा, कधी त्याहून अधिक वेळा, ‘या क्षणी प्रवाह किती असता’ याचे गणित करतो आणि आकड्यांची ती माळ ध्वनिक्षेपकाकडे पाठवितो. आंदोलकाचे गणित त्यामानाने सोपे. खरी अडचण मूगच्या शिडीची, कारण तिच्यातून बाहेर पडणारा आवाज पुन्हा तिच्याच तोंडाशी आणून सोडलेला असतो. उत्तर काढावयास उत्तरच आधी ठाऊक हवे, असा तो पेच. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टिल्सन आणि स्मिथ यांनी या गाळणीचे अंकीय रूप कसे करावे यावर निबंध वाचला. त्याच वर्षी जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने संगणकातल्या ध्वनिमुद्रण-कार्यक्रमाला बाहेरची उपकरणे जोडण्याची व्हीएसटी नावाची पद्धत प्रसृत केली. लगेच १९९७ मध्ये स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीने ‘रीबर्थ’ नावाने टीबी-३०३ आणि तिच्या जोडीचे ठेक्याचे यंत्र, दोन्ही पडद्यावर आणली. ग्रनोब्लच्या आर्तुरिया कंपनीने तर २००३ साली मूगच्या मोठ्या यंत्राची प्रतिकृती खुद्द रॉबर्ट मूग यांच्या संमतीने केली. मूळ पात्राने सोंगाला आशीर्वाद द्यावा, असे नाटकात क्वचितच घडते.

येथे एक गोष्ट आम्हांला मोठी गमतीची वाटते. जुन्या मिनीमूगचा एक दोष प्रसिद्ध होता. हवा गार झाली, तापली, की त्याचे आंदोलक सुरावरून घसरत. पौषातल्या थंडीत, पहाटे तीनला, उघड्या शेतात ते वाद्य वाजविणाऱ्यावर काय प्रसंग गुदरला असता याची कल्पनाच करावी. तिसऱ्या अंकापर्यंत नायिका एका सुरात आणि वाद्य दुसऱ्या. संगणकातला आंदोलक घसरत नाही. तो इतका स्थिर असतो की कानाला निर्जीव वाटतो. म्हणून सॉफ्टवेअर करणारांनी त्यात मुद्दाम एक खुंटी बसविली, जी फिरविली की सूर थोडा थोडा घसरू लागतो! जो दोष घालविण्यासाठी मूगच्या माणसांनी वर्षे घालविली, तोच आता जाहिरातीत गुण म्हणून छापला जातो आणि त्याचे पैसे पडतात. आम्ही याला ढोंग म्हणणार नाही. पेटीतल्या मानवी कंठाच्या पंख्याचाच हा नातू आहे.

मग विकत घेताना विचार कसला करावयाचा? किमतीचा असेल, तर किंमत राहिलीच नाही म्हणावे. मूग कंपनीने २०१६ मध्ये मिनीमूग पुन्हा घडविला तेव्हा त्याला साडेतीन हजार डॉलर पडत. त्याचे सॉफ्टवेअर-रूप दोनशे डॉलरच्या आत मिळते, आणि २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागली तेव्हा, त्याच कंपनीने आयफोन-आयपॅडवरचा मिनीमूग काही काळ फुकट वाटला. १९७० साली जे वाद्य बड्या ध्वनिमुद्रणगृहांच्या आवाक्यात होते, ते ब्रह्मपुरीच्या महाविद्यालयातील मुलाच्या खिशात येऊ शकते. हा बदल लहान नव्हे, आणि जुन्या यंत्रांचे भक्त कितीही नाके मुरडोत, आम्ही त्याचे स्वागत करतो. डोळे मिटून ऐकविले तर त्यांतल्या थोड्यांनाच फरक सांगता येईल, असाही आमचा संशय आहे.

विचार करावयाचा तो ‘विकत’ या शब्दाचा. पेटी विकत घेतली म्हणजे ती तुमची. पात तुटली तर दुसरी बसवून घ्यावी. गुजरातेत पालिताण्याला त्या होतात. भाता फाटला तर चामडे लावणारा कारागीर नागपुरास, चंद्रपुरास मिळे. आजोबांची पेटी नातू वाजवितो. सॉफ्टवेअर वाद्य घेतले म्हणजे ते वापरण्याची परवानगी तुम्ही घेता. वाद्य कंपनीचेच राहते. ‘रीबर्थ’चे काय झाले पाहा. २००५ साली कंपनीने ते बंद केले. नंतर आयपॅडवर त्याचा पुनर्जन्म झाला, नावाप्रमाणे. परंतु २०१७ मध्ये मूळ यंत्राच्या मालकाने, म्हणजे रोलंडने, आपल्या हक्काकडे बोट दाखविले आणि तेही दुकानातून उतरले. १९८२ ची टीबी-३०३ आज डाग लावून दुरुस्त करता येते. तिची १९९७ ची नक्कल मात्र चालवावयाची तर जुना संगणक जपून ठेवावा लागतो. मॅक संगणकाची जी प्रणाली २०१९ मध्ये आली तिने ३२-बिटांचे सर्व जुने कार्यक्रम एका फटक्यात नाकारले; त्यात पैसे देऊन घेतलेली कितीतरी वाद्ये मुकी झाली. शिवाय आता पुष्कळ कंपन्या महिन्याच्या वर्गणीवर वाद्ये देतात. ज्याचा हंगाम भाऊबीज ते होळी एवढाच, त्या वादकाने ज्येष्ठ-आषाढातली वर्गणी कशासाठी भरावी? पाऊस पडत असतो, नाटक नसते, आणि तो स्वतः रोवणीवर असतो.

यावर चोरीच्या प्रती हा उपाय सर्वांस माहीत आहे, आणि आमच्या देशात तो सर्रास चालतो हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गरिबीचे समर्थन त्याला देता येईल. परंतु त्या प्रतींबरोबर संगणकात आणखी काय शिरते हे ज्याने एकदा भोगले, तो पुन्हा त्या वाटेस जात नाही. भर नाटकात संगणक बसला म्हणजे प्रेक्षक दगड मारीत नाहीत, हे झाडीपट्टीचे उपकार. हसतात मात्र भरपूर. चोरीहून चांगली एक वाट आहे, आणि तिची माहिती इकडे कमी आहे. २०१८ मध्ये ‘सर्ज’ या सिंथेसायझर सॉफ्टवेअरच्या कर्त्याने त्याची मूळ लिपी सर्वांना खुली केली. तेव्हापासून निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक ते दुरुस्त करीत, वाढवीत आले आहेत. नवी संगणक-प्रणाली आली की कोणीतरी बसून ते तिच्यावर चालते करतो. ते मिनीमूगचे हुबेहूब सोंग नव्हे, परंतु शिडीची गाळणी त्यात आहे, आणि किंमत शून्य. भाता फाटल्यावर चामडे लावणारा कारागीर जेथे पुन्हा भेटतो, अशी ही जागा. चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलानेही त्यात हात घालावा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक तक्रार आम्ही येथे मांडतो. या सोंगांच्या बाजारात कोणाची सोंगे घेतली जातात? मिनीमूग, प्रॉफेट, जुनो. ज्या आवाजांची आठवण श्रीमंत देशांतील प्रौढ माणसांना येते, त्यांची. एकेका यंत्राच्या डझनभर प्रतिकृती मिळतात. आमच्या खडी गंमतीतील तुणतुणे, दंडारीतली ढोलकी आणि झांज, रेला नाचातला माडियांचा ढोल यांची आठवण ज्यांना येते त्यांच्याकडे दीडशे डॉलर नसतात, म्हणून बाजार तिकडे वळत नाही. झाडीबोलीचे शब्द आणि दंडारीची परंपरा डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून कागदावर उतरविली. आवाजाचे असे काम करावयास आज फार मोठे भांडवल लागत नाही. चांगला ध्वनिग्राहक, शांत खोली, आणि एकेक थाप वेगवेगळ्या जोराने वाजवून देणारा जाणता वादक. फक्त त्या वादकाला त्या दिवसाची बिदागी आणि त्या आवाजावर त्याचे नाव, या दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. मोठ्या शहरांत ध्वनिसंग्रह करणाऱ्यांकडून असे आवाज एकरकमी घेतले जातात आणि वादकाचे नावसुद्धा कोठे उरत नाही. ती रीत इकडे आणू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण वादक मंडळी आम्हांला हेच विचारतात. संगणकावर कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, मग नाटकात साथ कशी जमावी? उशीर होतो, हे खरे. संगणक आकडे एकेक न पाठविता ओंजळीने पाठवितो. ओंजळीत २५६ आकडे असले तर सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागतात, १,०२४ असले तर तेवीस. पहिला उशीर बोटांना कळत नाही. दुसरा कळतो, आणि लावणीचा ठेका बिघडवितो. तेव्हा ओंजळ लहान ठेवावी आणि ध्वनीसाठी वेगळी जोडपेटी घ्यावी. नुसत्या फोनच्या काचेवर बोटे आपटून नाटकाची साथ करू नये. बाकी हवाही उशीर करतेच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. वादक आणि नट यांच्यात चार-पाच मीटर अंतर असले की बारा-पंधरा सहस्रांश तेथेच जातात, आणि मंडपाच्या टोकाला, तीस मीटरवर, घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला प्रत्येक सूर नव्वद सहस्रांश उशिरा पोहोचतो. पायऑर्गनच्या काळीही तो तितकाच उशिरा पोहोचत होता.